रिचार्ज संपलेल्या घरात मराठी कशी पोचणार?

१ नोव्हेंबरला आपण काळ्या दिनाची रील टाकतो, १७ जानेवारीला हुतात्म्यांचा फोटो स्टेटसला ठेवतो. चांगलंच आहे. पण ते बघतं कोण? ज्याच्या फोनात नेट आहे तोच.

आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत चांगला फोन एकच. तो सकाळी बाबांबरोबर नाहीतर मोठ्या भावाबरोबर कामावर जातो. आईच्या, बहिणीच्या हातात येतो रात्री जेवणं झाल्यावर, तोवर दिवसाचा डेटा संपलेला. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवल्यापासून २८ दिवस संपले की आठवडाभर रिचार्जविना काढणारी घरंही मी बघतोय. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या काही वाड्यांत तर पैसे असले तरी रेंज नाही.

२०१६ ला जिओ यायच्या आधी यावर गल्लीतच तोडगा होता. मोबाईलच्या दुकानात थोडे पैसे दिले की मेमरी कार्ड भरून मिळायचं: भजनं, पोवाडे, मराठी पिक्चर. मग ब्लूटूथने ते दहा घरांत फुकट जायचं. नंतर शेअरइट आलं. जून २०२० मध्ये सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात तेही गेलं. आता आपण फक्त लिंक पाठवतो, आणि लिंक उघडायला प्रत्येक घराला आपापला डेटा जाळावा लागतो.

यात नुकसान कुणाचं? रेशनची सूचना, शिष्यवृत्तीचा फॉर्म कन्नडमध्ये येतो. त्याचा मराठी अर्थ आपण अर्ध्या तासाच्या लाईव्हमध्ये सांगतो. जिला तो हवा असतो, ती माऊली न कळलेल्या कागदावर सही करून मोकळी होते.

मराठीत कागदपत्रं द्या, ही मागणी सोडायची नाहीच. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी घटनेच्या कलम ३५० ब मध्ये विशेष अधिकाऱ्याची तरतूद आहे. आपण भीक मागत नाही. पण तोवर आपल्या हातातलं तरी करूया. व्हिडिओ कमी, दोन मिनिटांचा ऑडिओ नाहीतर साधा मजकूर जास्त. कट्ट्यावर, मंडळात भेटलो की ब्लूटूथ किंवा क्विक शेअरने फाईल द्यायची. बटणाचा फोन असलेल्या घरात जाऊन वाचून दाखवायचं. आणि पाठवायचं ते रात्री नव्हे, महिन्याच्या सुरुवातीला, रिचार्ज असताना.

यंदाच्या काळ्या दिनाच्या फेरीची वेळ अशा घरांना आधी कळू दे. रील नंतर टाकू.