फी माझी, गुपित त्याचं

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. खरं तर या विषयावर लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. पण गेल्या रविवारी एका मुंजीला गेलो होतो, तिथे पंगतीत काही बोलणं कानावर पडलं आणि त्या रात्री झोप लागेना. म्हणून हा लेख. थोडा रागाने लिहिलाय, सांभाळून घ्या.

नात्यातल्या एका मुलीचा विषय निघाला होता. ती सध्या समुपदेशनासाठी एका बाईंकडे जाते. (हे अख्ख्या पंगतीला माहीत असणं हाच खरा पहिला घोटाळा. पण तो तूर्त बाजूला ठेवू.) एका काकूंनी तिच्या आईला विचारलं, "मग काय सांगते ती तिथे?"

आई म्हणाली, "त्या मॅडम काही सांगत नाहीत हो."

"सांगत नाहीत म्हणजे? पैसे कोण भरतं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने मठ्ठ्याची वाटी पुढे करत सल्लाही दिला, की असं असेल तर समुपदेशक बदला. आणि मी? मी गप्प बसलो. कारण 2016 साली मी नेमका हाच प्रश्न विचारला होता, आणि दुर्दैवाने मला त्याचं उत्तर मिळालं होतं.

पुढचं लिहिण्याआधी एक सांगतो. ही गोष्ट माझ्या भाच्याची आहे. लेख आधी त्याला वाचायला दिला. त्याने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. बाकीच्याला तो "चालेल" म्हणाला. तो समुपदेशकांशी काय बोलला ते इथे सापडणार नाही. ते शोधत आला असाल तर इथूनच परत फिरा.

तर भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. इंजिनिअरिंगला आमच्याकडे राहून शिकत होता. दुसऱ्या वर्षाला विषय राहिले, मग कॉलेजला जाणं बंद, मग जेवणावरून उठून जाणं. ताई-भाऊजी लांब. मीच ओळखीतून एका समुपदेशकांचा पत्ता काढला आणि त्याला घेऊन गेलो. फी मीच भरत होतो. तीन वेळा तो गेला. तिसऱ्या वेळी परत आला तेव्हा किती दिवसांनी त्याने स्वतःहून चहा टाकला, माझ्यासाठीसुद्धा. मला वाटलं, चला, गाडी रुळावर येतेय. पण नक्की काय चाललंय ते कळेना. मी त्या बाईंना फोन लावला.

त्यांनी सांगितलं. सगळं. वीस मिनिटं. वर म्हणाल्या, "तुम्ही घरचेच आहात म्हणून सांगतेय हं."

त्याच रात्री मी ताईला फोन केला. शनिवारी भाऊजी दारात उभे. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. भाच्याने आरडाओरडा केला नाही. मला एवढंच म्हणाला, "मामा, मी ते तिथे बोललो होतो. इथे नाही."

चौथ्या वेळी तो गेला नाही. त्या बाईंकडे नाही आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही. 2022 साली त्याचे पुन्हा फार वाईट दिवस आले. आम्ही सगळ्यांनी विनवलं, की कुणाशी तरी बोल. त्याचं उत्तर एकच, "एकदा बोलून बघितलंय." ते महिने कसेबसे निघाले. निघाले म्हणून आज हे लिहितोय. निघाले नसते तर त्या वीस मिनिटांच्या फोनचा हिशोब मी कुणाला देणार होतो?

आता मुद्द्यावर येतो. समुपदेशकाच्या खोलीत जे बोललं जातं ते बोलणाऱ्याचं असतं. फी भरणाऱ्याचं नाही. बापाचं नाही, आईचं नाही, नवऱ्याचं नाही आणि मामाचं तर नाहीच नाही. जो समुपदेशक "तुमच्या भल्यासाठी" ते घरच्यांना सांगतो, तो एखादा नियम मोडत नाही, तो आपलं काम करण्याचं एकमेव हत्यार मोडतो. सर्जनकडे सुरी असते, फिजिशियनकडे औषध असतं. समुपदेशकाकडे काय असतं? समोरचा माणूस जे कुठेच बोलला नाही ते इथे बोलतो, एवढंच. उद्या ते पंगतीत पोचणार हे कळलं की तो काय बोलेल? जे तो घरात बोलतो तेच. मग त्यासाठी फी कशाला भरायची?

हा गोंधळ नवा नाही, आणि आपलाच आहे असंही नाही. ऑक्टोबर 1900 मध्ये व्हिएन्नात एक बाप आपल्या जवळपास अठरा वर्षांच्या मुलीला फ्रॉइडकडे घेऊन आला. या मुलीला आज जग 'डोरा' या टोपणनावाने ओळखतं. तिचं म्हणणं होतं की घराशी संबंध असलेल्या एका गृहस्थाने तिच्याशी लगट केली. बापाच्या मते हे सगळं तिच्या मनाचे खेळ. त्या गृहस्थाच्या बायकोशी बापाचेच संबंध होते, त्यामुळे मुलगी गप्प झालेली त्याच्या सोयीची होती. फ्रॉइडने तिला 'ताळ्यावर आणावं' अशी त्याची अपेक्षा. फ्रॉइडचं श्रेय त्याला द्यायला हवं. बापाचा डाव त्याने ओळखला आणि मुलगी खरं सांगतेय हेही मानलं. पण पुढे तिलाच पटवू लागला, की तुझ्या मनात त्या गृहस्थाबद्दल प्रेम दडलंय. 31 डिसेंबरला ती उठून गेली. अकरा आठवड्यांत खेळ खलास. 1905 साली फ्रॉइडने ही केस छापली, नाव बदलून, पण तिला न विचारता.

मला यात दिसतं ते असं, की ज्याला घरचे 'दुरुस्तीला' आणून सोडतात, त्याचं ऐकणं फ्रॉइडलासुद्धा जमलं नाही. मग गल्लीतल्या आपल्या समुपदेशकांनी किती सावध राहायला हवं!

यावर नेहमी येणारे तीन आक्षेप आहेत. एकेक घेतो.

पहिला. "हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ. आपल्याकडे कुटुंब महत्त्वाचं." कुटुंब महत्त्वाचं, मान्य. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला दिलं होतं, आणि घरच्यांच्या सहवासात रुग्ण सुधारताना दिसले. पण ते घरचे रुग्णाबरोबर राहत होते, त्याच्या पाठीमागे फोन करत नव्हते. सोबत वेगळी आणि पाळत वेगळी. आणि घराबाहेरचा कान लागतो हे आपल्याला परक्यांनी शिकवलेलं नाही. र. धों. कर्वे 1927 पासून 1953 साली जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. घरात तोंडातून काढता येणार नाहीत असे प्रश्न लोक त्यांना विचारायचे आणि ते सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरूनच 1934 साली त्यांच्यावर खटला चालला, वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, दंड झाला. पण प्रश्न विचारणारे मराठी लोकच होते ना? कुटुंब महत्त्वाचं होतं म्हणूनच ते कुटुंबाबाहेर विचारत होते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. "पोराने जिवाचं बरंवाईट केलं तर? तेव्हाही गुपितच ठेवायचं का?" नाही. अजिबात नाही. 1969 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आपल्या मानसोपचारकाला सांगितलं की तो एका मुलीला मारणार आहे. मानसोपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी थोडा वेळ ताब्यात घेऊन त्याला सोडून दिलं. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही आणि त्याने तिला मारलं. तातियाना तारासॉफ तिचं नाव. 1976 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशा वेळी धोक्यात असलेल्या माणसाचं रक्षण करणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे.

आपल्याकडेही 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 मध्ये गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानलाय, आणि तिथेच अपवादही दिलेत. कुणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होणार असेल, न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढीच माहिती द्यायची. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. म्हणजे दार कधी उघडायचं हे ठरलेलं आहे. मामाला उत्सुकता वाटली, हा त्यात अपवाद नाही. भाच्याने जे सांगितलं होतं त्यात जिवाला धोका नव्हता. आमच्या अब्रूला होता, असं आम्हाला वाटलं. फरक कळतोय ना?

तिसरा आक्षेप. "पण मूल अज्ञान असेल तर?" अठरा वर्षांखालच्या, अगदी लहान मुलाच्या बाबतीतही आईवडिलांना बाहेर ठेवता येत नाही, कायद्यानेही नाही. पण त्यांना काय सांगायचं आणि काय नाही हे पहिल्याच भेटीत, मुलाच्या समोर, ठरवता येतं. "परीक्षेची भीती आहे, त्यावर काम चाललंय," एवढं आईला पुरतं. भीतीच्या तळाशी काय आहे ते मूल तयार झालं की स्वतः सांगेल, समुपदेशक शेजारी बसलेले असताना. चांगले समुपदेशक असंच करतात. फोन केला तर म्हणतात, "तुम्हाला काही सांगायचं असेल तर मी ऐकेन. पण तुमचा फोन आला होता हे मी त्याला सांगणार, आणि तो काय बोलला हे मी तुम्हाला सांगणार नाही." मला 2016 साली हे ऐकायला मिळालं असतं तर मी चिडलो असतो, घरी येऊन त्या बाईंना शिव्या दिल्या असत्या. आणि भाचा चौथ्या वेळी गेला असता.

आता व्यवसायाबद्दल. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर 1992 च्या कायद्यानुसार रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते. 'समुपदेशक' या पाटीला मात्र वर्षानुवर्षं कुणी वाली नव्हता. 2021 साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा नवा कायदा झाला, त्यात हा वर्ग आलाय. पण दिल्लीत झालेला कायदा गल्लीतल्या पाटीपर्यंत चालत यायला वेळ घेतो. तोवर आपणच विचारायचं. शिक्षण काय? नोंदणी आहे का? तुमच्या कामावर कुणी वरिष्ठ देखरेख करतं का? नोंदी कुठे ठेवता? घरच्यांचा फोन आला तर काय कराल? शेवटच्या प्रश्नाला "आम्ही पालकांना सगळं कळवतो, काळजी करू नका" असं उत्तर आलं, तर काळजी करा आणि उठून या.

आणि जे समुपदेशक आपल्या क्लायंटच्या 'केसेस' रंगवून रील्स करतात, "नाव बदललंय" म्हणत गावासकट सगळं सांगतात, त्यांच्याबद्दल काय बोलावं! नाव बदललं म्हणजे माणूस झाकला जात नाही. ज्याची गोष्ट आहे तो तर स्वतःला ओळखतोच.

पण सगळा राग व्यवसायावर काढून मी सुटत नाही. त्या बाईंनी सांगितलं ही त्यांची चूक. मी विचारलं ही माझी. आपण 'काळजीपोटी' म्हणतो तेव्हा त्यात काळजी किती आणि ताबा किती, हे एकदा प्रामाणिकपणे मोजायला हवं. मी मोजलं. आकडा काही बरा आला नाही.

काकू, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. रागावू नका. त्या दिवशी पंगतीत बोलायला हवं होतं, तेव्हा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहिलं. त्या मॅडम काही सांगत नाहीत ना? मग त्या चांगल्या आहेत. समुपदेशक बदलू नका. मुलगी घरी आली की "काय सांगितलंस?" असं विचारू नका. "चहा टाकू का?" असं विचारा.

भाचा गेल्या वर्षी पुन्हा एकाकडे जायला लागलाय. कोणाकडे, कशासाठी, मला माहीत नाही. फी तो स्वतःच भरतो.