दुखणे अंगावर काढताना

दुखणे अंगावर काढणे हा आपल्याकडे मोठ्या मानाचा गुण समजला जातो. "तापाला मी कधी अंथरूण दाखवलं नाही, सगळं अंगावर काढलं," असे आमच्या सासूबाई सांगू लागल्या की त्यांच्या आवाजात लढाई जिंकून आलेल्या शिपायाची ऐट असते. गेली कित्येक वर्षे मी वर्गात वाक्प्रचारांचे अर्थ सांगते आहे. पण या वाक्प्रचाराचा पुरता अर्थ मला कळला तो दोन वर्षांपूर्वी, आणि तोही आमच्या कन्येमुळे. ती तेव्हा सहावीत होती.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा दिवस होता. सकाळी वेणी घालताना तिचे अंग कढत लागले. तापमापक लावला, तर पारा १०० वर. पोटावर दोन-तीन लाल पुटकुळ्याही दिसल्या. "डास चावले असतील," हे म्हणाले. मला ते लगेच पटले, कारण पटवून घ्यायचेच होते! कॉलेजात त्या दिवशी माझे परीक्षेचे पर्यवेक्षण होते आणि किरकोळ रजा संपत आली होती. कन्येला नाचात पुढच्या रांगेत जागा मिळालेली; शिवाय वर्षभर एकही खाडा नसल्याने शंभर टक्के हजेरीच्या प्रशस्तिपत्रावर तिचा डोळा. तापाचे औषध दिले, तासाभरात ताप उतरला, आणि मी तिला पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी अंगभर कांजिण्या!

इथपर्यंत हकीकत घरोघरची आहे. पण तिच्या वर्गाच्या बाई गरोदर होत्या, आणि आदल्या दिवशी त्यांनीच तिच्या केसांत गजरा माळून दिला होता. लहानपणी आपल्याला कांजिण्या येऊन गेल्या की नाही, हे बाईंना आठवेना. त्यांच्या आईही आता हयात नव्हत्या. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. गरोदरपणी कांजिण्या झाल्या तर आईच्या फुफ्फुसांपर्यंत दुखणे जाऊ शकते आणि पोटातल्या बाळालाही धोका असतो, हे मला त्या दिवशी कळले. निकाल यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी कसे काढले, ते माझे मलाच ठाऊक. सुदैवाने बाईंच्या रक्तात प्रतिकारशक्ती निघाली. त्यांचा फोन आला तो एवढेच विचारायला, की "कन्या कशी आहे?" एका शब्दाने त्यांनी बोल लावला नाही, आणि म्हणूनच मला मान वर करवेना. पुढे पंधराव्या दिवशी बाकावरच्या मैत्रिणीला, आणि मागोमाग तिच्या धाकट्या भावाला कांजिण्या आल्याच.

साथीचे दुखणे अंगावर काढता येत नाही, वाचकहो. ते दुसऱ्याच्या अंगावर घातले जाते.

त्यानंतर मी आमच्या डॉक्टरांसमोर विद्यार्थिनीसारखी वही घेऊन बसले. त्यातले चार नियम येथे उतरवते. औषधाने ताप उतरला म्हणजे दुखणे गेले नव्हे. औषधाशिवाय पुरे २४ तास ताप नसेल तरच मुलाला शाळेत पाठवावे. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास घरी ठेवावे. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घर सोडू नये आणि मुलाला ॲस्पिरीन मुळीच देऊ नये. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस घरी राहणे आले. गोवराच्या लशीचे दोन्ही डोस झालेत ना, हे एकदा कार्ड काढून पाहावे. डोळे आले तर पाणी आणि चिपडे थांबेपर्यंत टॉवेल नि उशी वेगळी ठेवावी. २०२३ च्या पावसाळ्यातली डोळ्यांची साथ आठवत असेलच. नुसती सर्दी असेल, मूल खात-खेळत असेल, तर खुशाल पाठवावे. सोबत रुमाल द्यावा आणि हात धुण्याची सवय लावावी. मात्र श्वास लागला, मूल गुंगीत राहिले किंवा पाणी पिईनासे झाले, तर शाळेचा विचार सोडून तडक दवाखाना गाठावा.

हे सगळे मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "यात नवीन ते काय? आमच्या वेळी दाराला कडुनिंबाची डहाळी लावायचे." खरेच की! डहाळीने रोग हटत नसेल. पण आत मूल आजारी आहे हे आल्यागेल्याला न विचारता कळे, आणि तो उंबऱ्यावरूनच मागे फिरे. आम्ही शिकलेल्यांनी ती डहाळी काढली, ते ठीकच. पण तिच्या जागी शाळेला एक साधा फोनदेखील करेनासे झालो.

घरी राहायचे कोणी, हा प्रश्न दोघेही नोकरी करणाऱ्या घरात सोपा नाही, हे मी जाणून आहे. आमच्याकडे आता अर्धा दिवस मी आणि अर्धा दिवस हे, अशी वाटणी ठरली आहे. यंदाच्या जुलैत चाचणी परीक्षेच्या सकाळी कन्येला उलट्या झाल्या. मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "आई, शाळेला कळव. आज मी जाणार नाही." सासूबाईंनी मुकाट्याने भाताची पेज चढवली.

दिवाळीची सुट्टी संपून आता शाळा उघडतील. तुमच्या मुलांचे दुसरे सत्र आरोग्याचे जावो! त्यातूनही एखाद्या सकाळी कपाळ गरम लागलेच, तर हजेरीपटावर एक खाडा पडू द्या. त्या खाड्यामुळे कुणाच्या तरी घरचे तीन दिवस सुखाचे जातील.