शिस्त कोणाची, परंपरा कोणाची?

मुठा गावच्या मुलाला सेनापती बापट कोण, हे सांगावे लागू नये. शेजारच्या मुळेच्या खोऱ्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह झाला, त्याचे ते सेनापती. परंतु त्याआधी ते विद्यार्थी होते, आणि सत्ताधाऱ्यांच्या लेखी बेशिस्त विद्यार्थी होते. एडिंबरोला शिकत असता ब्रिटिश राज्यावर टीका करणारे भाषण केले म्हणून त्यांची शिष्यवृत्ती गेली. जयंतीच्या भाषणांतून नेमका हाच भाग गळतो.

'शाळेत राजकारण नको' हे वाक्य आमचे संस्थाचालक जणू ऋषिमुनींचा वारसा असल्याच्या थाटात उच्चारतात. वस्तुतः त्याची वंशावळ १९०७ च्या रिस्ले परिपत्रकापर्यंत जाते. विद्यार्थी राजकीय सभांत गेले तर शाळेचे अनुदान बंद, असा तो साम्राज्याचा हुकूम होता. साम्राज्य गेले, हुकूम परंपरा होऊन बसला!

याच मंडळींना जपानच्या शिस्तीचे भारी कौतुक. त्या जपानने हायस्कूलच्या मुलांच्या राजकीय हालचालींवर १९६९ साली घातलेली बंदी, मतदानाचे वय अठरावर आल्यावर, २०१५ साली मागे घेतली. जन्मतः तपकिरी केस काळे रंगविण्याची सक्ती झाली म्हणून ओसाकातील एका विद्यार्थिनीने २०१७ साली न्यायालय गाठले. २०२२ मध्ये टोकियोच्या सरकारी हायस्कुलांनी अशी सक्ती रद्द केली. हे कौतुक मात्र कानी येत नाही.

आणि आपल्याकडे? २०२४ साली सबंध राज्यातील सरकारी शाळांना एकच गणवेश ठरला. कापड वरून, माप वरून. मुले जुन्या कपड्यांत वाट पाहत राहिली. आले ते कित्येकांच्या अंगाला बसेनात. डिसेंबरात सरकारने हात झटकून अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत दिला. गणवेशाने गरिबी झाकते, हा युक्तिवाद खोटा नाही. शेतमजुराच्या मुलीला त्याचा आधार वाटतो. पण म्हणून तिला विचारूच नये, हे त्यातून कसे निघते?

या समित्यांत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. मुळशीतील आपले जे कार्यकर्ते तेथे बसतात, त्यांनी पुढच्या बैठकीत एवढाच ठराव मांडावा: गणवेश असो, नियम असो, शिक्षा असो, निर्णयापूर्वी मुलांची सभा घ्यावी आणि तिचे म्हणणे इतिवृत्तात लिहावे. मुख्याध्यापक हरकत घेतील. घेऊ द्यावी; तीही इतिवृत्तात लिहावी.