इंजिन ऑइलचं नाव पाहता की डब्यामागचं बारीक अक्षर?

नागपूर : मे संपत आला की आपल्या भागात दोनच चर्चा असतात. पाऊस कधी येते अन् ट्रॅक्टर तयार आहे का. काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यापासून मौदा-रामटेकच्या धानापट्ट्यापर्यंत सध्या सर्व्हिसिंग सुरू आहे. दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : "भाऊ, कोणतं ऑइल टाकू?" एक म्हणते सरकारी कंपनीचंच घ्या, दुसरा म्हणते विदेशी कंपनीचं जास्त टिकते, तिसरा म्हणते शोरूमचं सोडून दुसरं टाकलं तर इंजिन गेलंच समजा. तिघंही ठामपणे सांगतात. पण खरं काय?

नाव वेगळं, आतला मसाला जवळपास सारखा

इंजिन ऑइलमध्ये दोन गोष्टी असतात. एक मूळ तेल, ज्याला बेस ऑइल म्हणतात. दुसरी त्यात मिसळलेली रसायनं, म्हणजे ॲडिटिव्ह. घासण कमी करणं, काजळी धरून ठेवणं, गंज टाळणं ही कामं मुख्यतः ॲडिटिव्हची. आणि गंमत अशी, की जगात ही रसायनं मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत : लुब्रिझोल, इन्फिनियम, ॲफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट. इंडियन ऑइलचं सर्वो असो, भारत पेट्रोलियमचं मॅक असो, एचपी असो, कॅस्ट्रॉल असो की गल्फ, बहुतेक कंपन्या ॲडिटिव्ह अशाच ठिकाणांहून घेतात. ट्रॅक्टर कंपनीच्या नावाचं 'जेन्युइन' ऑइलही सहसा तेल कंपन्याच बनवून देतात. ट्रॅक्टरचा कारखाना काही तेल गाळत नाही.

म्हणून एकाच दर्जाची, अस्सल, दोन नावाजलेल्या कंपन्यांची ऑइलं घेतली तर तुमच्या इंजिनाला त्यातला फरक क्वचितच कळेल. फरक पडते तो दर्जात.

दर्जा कुठं लिहिलेला असते?

डब्याच्या मागं 'एपीआय' असं लिहून पुढं दोन अक्षरं असतात. 'एस'पासून सुरू झालं तर पेट्रोल इंजिनाचं, 'सी'पासून झालं तर डिझेलचं. डिझेलमध्ये सीएफ-4 हा दर्जा 1990 चा, सीएच-4 हा 1998 चा, सीआय-4 हा 2002 चा. अक्षर पुढचं तेवढं ऑइल नवं आणि काजळी सांभाळायला जास्त सक्षम. सीएफ-4 मागणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरात सीआय-4 चालते. पण सीआय-4 मागणाऱ्या इंजिनात स्वस्त म्हणून सीएफ-4 टाकणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

दुसरा आकडा जाडीचा, 15 डब्ल्यू 40 किंवा 20 डब्ल्यू 40. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम इंजिनातला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते म्हणून "जाड ऑइल टाका" असा सल्ला मिळते. सल्ला ऐका, पण पुस्तकात जो आकडा आहे तोच टाका. ज्या हवामानात गाडी विकते त्याचा विचार कंपनीनं केलेला असते.

मोटरसायकलवाल्यांनी 'जासो एमए' ही अक्षरं पाहावी. बहुतेक मोटरसायकलींत क्लच त्याच ऑइलात बुडालेला असते. कारचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून टाकलं की क्लच घसरते. बीएस-6 डिझेल पिकअपला तर कमी राखेचं वेगळं ऑइल लागते, नाही तर सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर लवकर भरते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक अन् ऑइलात बुडालेल्या ब्रेकचं तेलही वेगळं. इंजिनाचं उरलं म्हणून तिथं ओतू नका.

माझा धडा

दोन वर्षांपूर्वी ऐन पेरणीत माझा ट्रॅक्टर वावरात बसला. आधी पांढरा-निळा धूर, मग ऑइलची लाइट लागली, मग खडखड. डबा नावाजलेल्या कंपनीचा होता, दुकानदार ओळखीचा, भाव थोडा कमी. मिस्त्रीनं ऑइल बोटावर घेऊन पाहिलं अन् म्हणाला, "भाऊ, हे तर पाण्यासारखं आहे." इंजिन बांधायला 37 हजार लागले, अन् भाड्याच्या ट्रॅक्टरनं पेरणी आठ दिवस मागं गेली. दुकानदाराशी भांडायला गेलो तर हातात बिलच नव्हतं. मिस्त्रीनं आणखी एक गोष्ट दाखवली : एअर फिल्टर मातीनं गच्च भरलेला. म्हणजे अर्धा दोष माझाही होता.

तेव्हापासून ब्रँडच्या वादात मी पडत नाही. नाव मोठं असून माल खोटा असू शकते. उलट ज्या कंपनीचं नाव जास्त खपते तिचेच रिकामे डबे पुन्हा भरण्यात बनावटवाल्यांचा फायदा.

मग करायचं काय?

एक, पुस्तकात दिलेला दर्जा अन् जाडीचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकानात तोच दाखवा.

दोन, खुलं ऑइल घेऊ नका. सील, झाकण, बॅच नंबर पाहा. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा. बिल घ्याच. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, पण बिल नसेल तर आपली बाजू लंगडी पडते.

तीन, रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्यानं भोकं पाडा. तुमचाच डबा भरून उद्या शेजाऱ्याला विकल्या जाऊ नये.

चार, तासांच्या मीटरनुसार ऑइल बदला, सोबत फिल्टरही. कोरड्या वावरात रोटाव्हेटर चालवत असाल तर एअर फिल्टर रोज पाहा. आपल्या काळ्या मातीची धूळ आत गेली तर महागातलं ऑइलही इंजिन वाचवू शकत नाही.

पाच, सकाळी सपाट जागेवर कांडी काढून पाहा. ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं, पातळी वाढून डिझेलचा वास आला तर डिझेल गळते आहे. ट्रॅक्टर तिथंच थांबवा, मिस्त्रीला बोलवा. चिखलणी करणाऱ्या धानवाल्यांनी हे जास्तच जपावं.

काढलेलं जुनं ऑइल बांधावर ओतू नका. 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे अन् विहिरीचं पाणी आपणच पितो.

ट्रॅक्टरात सहा ते नऊ लिटर ऑइल बसते. स्वस्ताच्या डब्यात वाचतात ते काही शे रुपये. इंजिन बसलं तर जातात हजारो, अन् पेरणीचा वाफसा काही आपली वाट पाहत थांबत नाही. तेव्हा कंपनी तुमच्या आवडीची घ्या, पण अक्षर पुस्तकातलं अन् माल अस्सल घ्या.