नदीच्या गुणांचीही नोंद हवी

भिलाईहून दुर्ग ओलांडून राजनांदगावच्या रस्त्याला लागले की शिवनाथ नदीचा पूल येतो. महानदीची ही सर्वांत मोठी उपनदी महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यातील कोटगुल परिसरात उगम पावते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिची आणखी एक ओळख असते. नदीच्या उत्तरेला रतनपूरचे अठरा गड आणि दक्षिणेला रायपूरचे अठरा, अशी छत्तीसगड या नावाची परंपरागत उपपत्ती सांगितली जाते. एका प्रांताचे नावच जिच्या दोन काठांवर उभे आहे, अशी ही नदी.

देशभर मात्र ती गाजली वेगळ्याच कारणाने. १९९८ मध्ये, छत्तीसगड राज्य अस्तित्वात येण्यापूर्वी, दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथचा सुमारे २३.५ किलोमीटरचा पट्टा २२ वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात आला. मासेमारीवर आणि शेतीसाठी पाणी उचलण्यावर बंधने आल्याच्या तक्रारी काठच्या गावांनी केल्या, आंदोलने झाली. २००७ मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. वाद झाला तो पाण्याच्या मालकीचा आणि दराचा. त्या पट्ट्यात पाण्याखेरीज काय होते, कोणते डोह, कोणते मासे, कोणते घाट, हा प्रश्न मागेच राहिला.

यात मी स्वतःला वेगळे काढू शकत नाही. सेवेत असताना बंधाऱ्यांचे प्रस्ताव माझ्याही मेजावरून गेले. साठवण क्षमता, खर्च, लाभक्षेत्र, बुडीत क्षेत्र, प्रत्येकासाठी तक्त्यात रकाना असे. वाहत्या नदीचे आज काय मोल आहे, यासाठी रकाना नव्हता. तो नसल्याचे मला त्या वेळी खटकलेही नाही, आणि मी स्वाक्षऱ्या करीत गेलो.

नद्यांच्या आजारांची नोंद आपण ठेवतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले. त्यांपैकी ५३, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रातील होते. ही यादी आवश्यकच आहे. पण जे पट्टे अजून निरोगी आहेत, त्यांची अशी राष्ट्रीय यादी आपल्याकडे नाही. नदी बिघडल्यावरच ती शासनाच्या नजरेत येते.

अमेरिकेने हा प्रश्न उलट्या बाजूने हाताळला. २ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वन्य व निसर्गरम्य नद्यांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. धरणे बांधण्याच्या राष्ट्रीय धोरणाला काही नद्या मुक्त ठेवण्याच्या धोरणाची जोड हवी, असे तो कायदा म्हणतो. मूल्यमापन संपूर्ण नदीचे नव्हे, पट्ट्याचे होते. पहिली पायरी पात्रतेची: पट्टा मुक्तपणे वाहतो का, आणि निसर्गदृश्य, भूरचना, मासे, वन्यजीव, इतिहास, संस्कृती यांपैकी किमान एक असाधारण गुण त्यात आहे का? दुसरी पायरी योग्यतेची: संरक्षण दिल्यास कोणते उपयोग गमवावे लागतील, जमीन कोणाची आहे, स्थानिकांचा पाठिंबा आहे का? या दोन पायऱ्यांची सरमिसळ केली जात नाही, हे त्या पद्धतीचे मर्म आहे. नदीत काय आहे हे आधी ठरते. ते राखणे परवडते का, हे नंतर. आज दोनशेहून अधिक नद्यांचे पट्टे या संरक्षणाखाली आहेत. तरीही ते त्या देशातील एकूण नदीलांबीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतात.

आपल्याकडे असे प्रयत्न झाले, पण सुटे सुटे. घडियाल मगरींसाठी १९७९ मध्ये चंबळ अभयारण्य झाले. २०१२ मध्ये गोमुख ते उत्तरकाशी हा भागीरथीचा सुमारे शंभर किलोमीटरचा पट्टा पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र ठरला. २०२१ मध्ये महाराष्ट्राने आंबोलीतील हिरण्यकेशीच्या उगमाजवळील परिसराला एका दुर्मीळ माशासाठी जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. नदीकाठच्या उद्योगांवर निर्बंध घालणारे महाराष्ट्राचे नदी नियमन क्षेत्र धोरण मात्र २०१५ मध्ये रद्द झाले. शासकीय आदेशाने आलेले संरक्षण शासकीय आदेशानेच जाते, हा त्यातील धडा.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, गडचिरोली आणि बस्तरमधील शेतकऱ्याच्या वाट्याला सिंचन आधीच कमी आले असताना नद्या मुक्त ठेवण्याची भाषा त्याच्यावर अन्याय करणारी नाही का? दुसरा असा की, संरक्षित क्षेत्र म्हटले की आदिवासींना विस्थापनाची भीती वाटते, आणि ती अनुभवातून आलेली आहे. म्हणूनच पात्रतेची नोंद म्हणजे बंदी नव्हे, हे स्पष्ट असले पाहिजे. आणि मूल्यमापनाची सुरुवात ग्रामसभेपासून झाली पाहिजे. कोणत्या डोहात कोणता मासा कधी येतो, हे मासे धरणाऱ्याइतके कोणत्याही सल्लागार संस्थेला ठाऊक नसते. नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यातील कलम ३७ नुसार राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून वारसा स्थळे घोषित करू शकते.

महाराष्ट्र आणि छत्तीसगड यांनी दोन नद्यांपासून एकत्र आरंभ करावा. शिवनाथचा दुर्गजवळचा पट्टा बंधाऱ्यांमुळे पहिल्याच कसोटीवर मागे पडेल, हे मान्य करावे लागेल. पण उगमाकडील पट्टा तपासून पाहता येईल. दुसरी नदी इंद्रावती. चित्रकोटचा धबधबा ओलांडून ती दोन्ही राज्यांच्या सीमेवरून गोदावरीकडे जाते. तिच्यावरील बोधघाट प्रकल्प चार दशकांहून अधिक काळ कागदांवर जागा होतो आणि पुन्हा निजतो. तो व्हावा की न व्हावा, याचा निर्णय लोकांनी निवडून दिलेले शासन घेईल. परंतु तो घेताना समोरच्या तक्त्यात मेगावॅट आणि हेक्टर यांच्या शेजारी नदीच्या गुणांचाही रकाना असावा, आणि तो भरलेला असावा. माझ्या मेजावर आलेल्या तक्त्यांत तो नव्हता.