दादाची पेटी



गेले पाच अंक आमचे सदर आले नाही. दोघा-तिघांनी संपादकांना विचारले, आणि बार्शी नाक्यावर एका भगिनीने आम्हाला भर रस्त्यात अडवून, "भाऊ, लिहिणं सोडलं का काय?" अशी झाडाझडती घेतली. सोडलेले नाही. मार्च महिन्यात आमचे थोरले बंधू गेले. तेव्हापासून रोज रात्री कागद पुढे घेत होतो आणि बाजूला ठेवीत होतो. आज लिहायचेच असे ठरवले आहे. या सदरात आजवर घरच्या गोड गोष्टी सांगितल्या, मग ही एक लपवून कशी चालेल?

दादा गवंडी. वय चोपन्न. गाव आता लोहारा तालुक्यात, पूर्वी उमरगा तालुक्यात होते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागातल्या कुणाला सांगावी लागत नाही. ३ वाजून ५६ मिनिटे झाली होती. आदल्या रात्रीच्या गणपती विसर्जनाने गावे दमून झोपली होती. आमच्या घराच्या दोन भिंती फाटल्या, माणसे वाचली. सास्तूरला काय झाले ते आम्ही शाळकरी वयात डोळ्यांनी पाहिले. त्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. दादा तेव्हा बाविशीतला. पुनर्वसनाच्या कामावर पाट्या वाहायला गेला आणि तिथेच ओळंबा धरायला शिकला. पडलेल्या घरांनी त्याला धंदा दिला असे तो म्हणायचा, आणि म्हणून झाल्यावर गप्प बसायचा. आमचे बी.कॉम. त्याच्याच थापीवर झाले. फी भरायला तो कॉलेजात आला की हाताचे सिमेंट लपवायला हात पाठीमागे बांधून उभा राहायचा.

दिवसा थापी आणि रात्री पेटी. वस्तीतली गायन पार्टी त्याचीच. ढोलकीला एक, कोरसला चार, आणि मधोमध दादा. कॅसेटचा जमाना होता तेव्हा वामनदादा कर्डकांचे एक गाणे उतरवून घ्यायला तो टेप शंभरदा मागे-पुढे करायचा. फीत अडकली की पेन्सिलीने गुंडाळायचा. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. त्या पावसाळ्यात दादाने पेटीवरचे फडके काढले नव्हते. पुढे २६ नोव्हेंबर २०१० ला विठ्ठल उमप नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच गेले, तेव्हा मात्र तो म्हणाला, "असं जावं बघ. गाता गाता." दादा गेला तो परांचीवर, दुपारच्या उन्हात, एका बंगल्याच्या गिलाव्याच्या कामावर. छातीत कळ आली म्हणून खाली उतरला आणि विटांच्या थप्पीला टेकून बसला, तो उठला नाही.

निरोप आला तेव्हा आमच्या थोरल्या चिरंजीवाची दहावीची परीक्षा चालू होती. दुसऱ्या दिवशी इतिहासाचा पेपर. त्याला न्यावे की ठेवावे? आमच्या सौ. म्हणाल्या, "ठेवलं तर जन्मभर बोलेल." नेले. रात्री नऊला अग्नी दिला, अकराला शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसवून त्याला धाराशिवला परत धाडले. सकाळी तो पेपरला बसला. कसा गेला हे आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. निकाल लागेल तेव्हा कळेल.

आता ज्या गोष्टीने पाच अंक कागद बाजूला ठेवायला लावला, ती सांगतो.

दादाला अंगणात ठेवले होते. पांढरे कापड, मेणबत्ती, उशाशी बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर. त्रिशरण-पंचशील व्हायचे होते. आमच्या हातात वही होती. लाकडे किती, कापड किती, जीपचे भाडे किती. हिशेब हा आमचा पेशाच. तेवढ्यात आमच्या एका आत्याने आणि दोघी-तिघींनी वहिनींना धरून मागच्या दाराकडे नेले. कशासाठी नेत आहेत ते आम्हाला कळले नाही असे लिहिले तर खोटे होईल. आम्ही मान वहीत घातली. मग दगडावर काच फुटल्याचा आवाज आला.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगितले. आम्ही तेव्हा याच जागी मोठ्या आवेशात लिहिले होते, की हेरवाडने २०२२ साली केले ते आपण १९५६ सालीच केले आहे, आपल्याला ठरावाची गरज नाही. तो अंक अजून आमच्या कपाटात आहे. परवा काढून वाचला आणि परत ठेवला.

पुतणी पुण्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती संध्याकाळी पोचली. बापाच्या पायाशी रडून झाले, मग आईच्या मनगटाकडे तिचे लक्ष गेले. काचेने कातडे सोलले होते. तिने आधी ते धुतले, पट्टी बांधली, आणि मग आमच्याजवळ येऊन हळूच विचारले, "काका, तुम्ही तिथंच होता ना?"

आम्ही होतो.

आत्याला दोष देऊन आम्हाला सुटता येणार नाही. आत्याच्या हातच्या बांगड्याही कुणीतरी अशाच फोडल्या असतील. तिने दीक्षाभूमी पाहिली आहे, बावीस प्रतिज्ञा तिला पाठ आहेत. पण मयतीच्या घरात तिच्या हाताला जे ठाऊक होते तेच हात करत गेले. आम्हाला मात्र दुसरे ठाऊक होते, आणि चार पावले चालून 'आत्या, थांबा' एवढेच म्हणायचे होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सातव्या दिवशी, तो नेमका २० मार्च, चवदार तळ्याचा दिवस. आमच्या गावचे निवृत्त गुरुजी बोलायला उभे राहिले. त्यांनी एवढेच सांगितले, की १९२६ च्या जुलैत बाबासाहेबांचा राजरत्न गेला आणि १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब महाडला तळ्यावर उभे होते. मधल्या आठ महिन्यांत त्या घरात काय झाले असेल ते आपणच मनात आणावे, असे म्हणून ते बसले. बौद्धाचार्यांनी किसा गोतमीची कथा सांगितली. आमच्या मायने ऐकून घेतली आणि नंतर आम्हाला म्हणाली, "त्या बाईच्या पायात बळ होतं बाबा, दारोदार मोहरी मागत फिरली. माझ्या दारात तर लोकच येऊ लागलेत. येतंय ते आपलं मेलेलं माणूस सांगतंय. ऐकून ऐकून कान दुखले." त्या सात दिवसांत आम्ही पहिल्यांदा हसलो.

करमणुकीचे म्हणाल तर टीव्ही बंद. कुणी बंद करा म्हटले नव्हते. तेराव्याला आपण मानत नाही, पण टीव्ही मात्र तेरा दिवस बरोबर बंद राहिला. अशा गमती. धाकट्याला क्रिकेट पाहायचे होते, तो शेजारी जाऊन पाहून यायचा आणि आल्यावर अपराध्यासारखा तोंड धुवायचा. एका रात्री आम्ही पाणी प्यायला उठलो तर आतल्या खोलीतून दादाचा आवाज येत होता. अंगावर काटा आला. पाहतो तर वहिनी मोबाईल उशीखाली घेऊन ऐकत होत्या. दादाने तालमीत भरून ठेवलेली गाणी. मध्येच खोकतो, मध्येच ढोलकीवाल्यावर खेकसतो. सगळे घर शांत ठेवायला धडपडत होते आणि ज्यांच्यासाठी ठेवत होते, त्या रोज रात्री मैफल ऐकत होत्या.

आमच्या नोकरीला मार्चअखेर म्हणजे काय ते कारकुनाच्या घरच्यांना विचारा. चार दिवसांची रजा संपवून गेलो तर टेबलावर फायलींचा ढीग. बेरजा दोनदा चुकल्या. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने काही न बोलता अर्धा ढीग स्वतःकडे ओढून घेतला. याहून जास्त सांत्वन आम्हाला कुणी केले नाही.

कागदपत्रांचे थोडे सांगतो, उपयोगी पडेल. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी, म्हणजे पुढची धावपळ वाचते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती आधीच घ्याव्यात. मग गेलेल्या माणसाचे पासबुक काढून एकेक ओळ वाचावी. दादाच्या पासबुकात दरसाल मेअखेर ४३६ रुपये कापल्याची ओळ होती. हा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा. पन्नाशीपर्यंत नाव घालता येते, पंचावन्नपर्यंत चालतो, वारसाला २ लाख रुपये मिळतात. खाते उघडताना दादाने सही केली असेल, घरात कुणाला पत्ता नाही. अर्ज केला आहे, पैसे अजून यायचे आहेत.

दुसरे कार्ड निघाले बांधकाम कामगार मंडळाचे. नोंदीत कामगार नैसर्गिकरीत्या गेला तरी वारसाला मंडळाकडून मदत आहे. पण नोंदणी जिवंत हवी, दरवर्षी नूतनीकरण हवे, त्याला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दादाचे नूतनीकरण राहून गेले होते. दिवाळीत त्याने आमच्याजवळ विषय काढला होता. आम्ही म्हणालो, 'बघू, मार्चनंतर.' वस्तीतल्या कितीजणांचे फॉर्म आम्ही रविवारी बसून भरले आहेत! ज्यांच्या घरात असे कार्ड असेल त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी त्यावरची तारीख पाहावी. आम्ही थांबतो.

वारसाच्या अर्जावर नाते लिहायचा रकाना असतो. आम्ही कारकुनी सवयीने 'विधवा' लिहिले. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या, त्यांनी सही करण्याआधी वाचले. म्हणाल्या, "भाऊजी, पत्नी लिहिता येत नाही का?" आम्ही दुसरा फॉर्म आणला. 'पत्नी' लिहिले. कुणीही हरकत घेतली नाही. आणि वर आम्ही 'आमच्या सौ.' असे लिहून गेलोच आहोत, ते खोडत नाही, वाचकांनी पाहावे. बायकोला नाव आहे, आणि पुढच्या अंकापासून तिची परवानगी असेल तर नावाने लिहू.

एप्रिल लागला तसा जयंतीचा प्रश्न आला. वस्तीची बैठक झाली. दादाच्या घरचे दुःख म्हणून यंदा गायन नको, मिरवणूक साधी काढू, असे तरुणांनीच म्हटले. वहिनींनी निरोप पाठवला, गाणे झाले पाहिजे. मग पार्टीचे लोक पेटी आणि दादाची गाण्याची वही न्यायला आले. वहिनी म्हणाल्या, "पेटी मी आल्याशिवाय घरातून हलायची नाही." आत्या तिथेच होती. तिने तोंड उघडले, मग पुतणीकडे पाहिले आणि मिटले.

पुतणीने पुण्याहून निळ्या बांगड्या आणल्या होत्या. वहिनींनी त्या हातात घेऊन बघितल्या. पोरगी घालायला पुढे झाली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. "फोडताना मला कुणी विचारलं नाही. घालताना तरी विचारा." पोरीचा चेहरा पडला. आम्हालाही सुचेना. बांगड्या पेटीच्या खोक्यात राहिल्या, अजूनही तिथेच आहेत. कधी घालायच्या, घालायच्या की नाही, ते त्यांचे त्या बघतील.

चौदा एप्रिलला सकाळी वंदनेला वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया पांढऱ्या साडीत होत्या, तशा दरवर्षी असतात. वहिनीही त्यांच्यात बसल्या. पाहुण्या आलेल्या एका बाईंनी आम्हाला विचारले, "गेलेल्या भाऊंच्या मालकीण कोणत्या हो?" आम्ही बोट दाखवले तरी त्यांना चटकन ओळखू येईना.

रात्री पेटीवर एक बावीस वर्षांचा पोरगा बसला. दादाचाच शिष्य, हात बरा आहे, घाई करतो. तिसऱ्या गाण्यात दुसरे कडवे सोडून तो एकदम तिसऱ्यात शिरला. बायांच्या घोळक्यातून वहिनींचा आवाज आला, "मधलं राहिलं." पोरगा थांबला. वही त्यांच्या मांडीवर होती, पण त्यांनी ती उघडली नव्हती. त्यांनी ओळ सांगितली, त्याने उचलली, कोरसने धरली. पंचवीस-तीस वर्षे स्वयंपाकघरातून ऐकलेले सगळे त्यांना पाठ आहे, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हते. दादाला असेल.

पेटी आता घरी फळीवर आहे. भाता एका बाजूने फाटला आहे, वारा धरत नाही. लातूरला दुरुस्त करून मिळतो म्हणतात. येत्या रविवारी घेऊन जायची आहे, आणि वहिनी सोबत येणार आहेत. कारागीर किती मागतो ते त्या स्वतः ठरवणार म्हणे, आमच्या हिशेबावर त्यांचा भरवसा नाही.