खूण एक, अर्थही एकच हवा



जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही बसला असाल. कंडक्टरने एकदा घंटी दिली की गाडी थांबते, दोनदा दिली की सुटते. गाडी कोणत्याही आगाराची असो, हा संकेत बदलत नाही. प्रत्येक गाडीत घंटीचा अर्थ वेगळा असता, तर घाटात काय झाले असते, याची कल्पना करा!

मोबाइलच्या ॲपमध्येही असे संकेत असतात. ‘जतन करा’, ‘मागे जा’, ‘काढून टाका’ या क्रिया अनेक पडद्यांवर पुन्हा पुन्हा लागतात. आमचे म्हणणे असे की, अशी प्रत्येक क्रिया एकाच ठिकाणी लिहिलेली असावी आणि सर्व पडद्यांनी तीच वापरावी.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. मार्च २०२१ पासून देशभरच्या अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आहे. सेविका त्यात मुलांची हजेरी, वजन, उंची भरतात. कुपोषणाशी दीर्घकाळ झुंजणाऱ्या जव्हार-मोखाड्यात वजनाचा एकेक आकडा मोलाचा असतो. कोणत्या मुलाकडे आधी लक्ष द्यायचे, ते त्यावरून कळते. पण डोंगरातल्या पाड्यांवर रेंजचा भरवसा नसतो. आता समजा, अशा कामाच्या एखाद्या ॲपमध्ये हजेरीच्या पडद्यावर ‘जतन’ म्हणजे ‘फोनमध्ये ठेवले’ आणि वजनाच्या पडद्यावर ‘जतन’ म्हणजे ‘रेंज असेल तर पाठवले, नसेल तर सोडून दिले’ असे असेल तर? हिरवी खूण दोन्हीकडे सारखीच! ताईंना वाटेल, नोंद झाली. मुलाचे वजन मात्र हरवलेले असेल. यात ताईंची काय चूक?

असे होते कसे? प्रोग्रॅम लिहिणारा दहा पडद्यांसाठी तेच काम दहा वेळा उतरवून काढतो. पुढे दोष सापडला की नऊ ठिकाणी दुरुस्ती होते, दहावे राहून जाते. त्याऐवजी ‘जतन’चे काम एकदाच लिहावे : आकडा तपासा, फोनमध्ये ठेवा, रेंज आली की पाठवा, आणि पोचेपर्यंत ‘पाठवणे बाकी’ असे दाखवा. मग कोणत्याही पडद्यावरचे बटण या एकाच कामाला हाक मारते. एक दुरुस्ती सगळीकडे पोचते. बटणावरचे अवघड शब्द सोप्या मराठीत आणायचे, तर तेही एकाच जागी बदलता येतात.

कोणी म्हणेल, मग एका जागची चूक सर्वत्र पसरेल. खरे आहे. पण ती लवकर नजरेस येते, आणि कसून तपासायची जागा एकच उरते.

ही कल्पना नवी नाही. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकावर कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे यांच्या कळा निरनिराळ्या प्रोग्रॅमांत एकच ठेवण्याचा आग्रह होता. तीच अक्षरे आज जगभर चालतात. एकदा शिकलेले सगळीकडे उपयोगी पडते ते यामुळेच.

करून पाहा : घरातल्या फोनवरचे एखादे ॲप घ्या. ‘मागे जा’ ही खूण प्रत्येक पडद्यावर काय करते, ते वहीत मांडा. अर्धवट लिहिलेला मजकूर राहतो की जातो? फरक आढळला, तर वर्गात शिक्षकांबरोबर चर्चा करा. उद्या तुमच्यापैकीच कोणी अशी ॲपे लिहील, तेव्हा एस.टी.ची घंटी आठवावी.